‘सर्वानुमते’ लिहिण्याआधी

शंका-समाधान : ग्रामसभा आणि गावबैठक

शिमगा आटोपून पालख्या देवळात गेल्या की माझ्या टेबलावर पत्रांचा ढीग पडतो. गाव पूर्ण भरलेलं असतं ते फक्त गणपतीत आणि शिमग्यात, त्यामुळे वर्षभर दाबलेलं सगळं त्याच दोन वेळी उसळून वर येतं. या खेपेची बहुतेक पत्रं महाड-पोलादपुराकडची आहेत, त्यातली निम्मी वरंध घाटाच्या पायथ्याची. नावं छापू नका असं सगळ्यांनीच लिहिलंय. छापत नाही. गाव ओळखू येऊ नये म्हणून एखाददुसरा तपशीलही मी हलवला आहे.

मी राखीव जागेवरून निवडून आलेली सदस्या आहे. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत मी उभी राहिले आणि विचारलं, दिवाळीपासून नळाला पाणी नाही, मग योजना पूर्ण झाली असं कसं लिहिलंत? तर मागून एक जण म्हणाला, “वहिनी, तुम्ही बसा. दादाला पाठवा, त्याला समजावतो.” सगळे हसले. मीपण हसले आणि बसले. घरी येऊन रडले. मी काय उत्तर द्यायला हवं होतं?
— एक सदस्या, वरंध भाग

ताई, त्या क्षणाचं चोख उत्तर सगळ्यांनाच रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचतं. ते शोधत बसू नका. आणि हसलात म्हणून स्वतःला बोलही लावू नका. भर सभेत एकटी बाई सापडली की ती हसूनच वेळ मारून नेते.

तुमचं एकच चुकलं, प्रश्न एकटीचा ठेवलात. ग्रामपंचायत अधिनियमात कलम 7 आहे, त्यात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. पुष्कळ गावांत ही सभा म्हणजे घरोघर फिरणारी सह्यांची वही. तुमच्याकडेही तसंच असेल तर यंदा 1 मेच्या ग्रामसभेआधी ती खरोखरची घ्यायला लावा, आणि दुपारी तीननंतर घ्या. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस झेलणाऱ्या आपल्या तालुक्यांत एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघावी लागते. सकाळी अकराची सभा म्हणजे बाईने हंडा सोडून यायचं, हे ठरवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. पाण्याचा प्रश्न त्या सभेत ठराव म्हणून लिहून घ्या. मग ग्रामसभेत तो वहिनींचा प्रश्न उरत नाही, महिला सभेचा ठराव होतो. तो वाचून दाखवावाच लागतो, आणि दादाला समजावून तो मिटत नाही.

सभेला तिघी मिळून जा. एकीने विचारायचं. मध्ये कुणी बोललं तर दुसरीने एवढंच म्हणायचं, “त्यांचं पुरं होऊ द्या.” तिसरीने ग्रामसेवकाच्या शेजारी बसून बघायचं, प्रोसिडिंगमध्ये प्रश्न उतरतोय की नाही. ही तिसरी सगळ्यांत महत्त्वाची. आणि दाराजवळ चपलांपाशी बसू नका, सतरंजीवर पुढे बसा.

आम्ही मुंबई मंडळवाले. देऊळ, साकव, पाखाडी, सगळ्याला पैसा आम्ही उभा करतो. गणपतीत मिटिंग लावतो, सविस्तर समजावून सांगतो, कुणाला काही बोलायचंय का विचारतो. कुणी बोलत नाही, सगळे ‘हो’ म्हणतात. आम्ही मुंबईला पोचतो न पोचतो तोच फोन, कामाला विरोध झालाय. समोर बोलायला यांचं काय जातं?
— मंडळाचे सेक्रेटरी, नालासोपारा

बरंच जातं. तुम्ही दुसऱ्या दिवशी पनवेल ओलांडलेलं असतं. गावात राहणाऱ्याला सकाळी त्याच विहिरीवर, त्याच बांधावर, त्याच माणसाचं तोंड बघायचं असतं. तुमचा शब्द स्वस्त आहे आणि त्याचा महाग, म्हणून तो जपून वापरतो.

तुमची मिटिंग मला डोळ्यांसमोर दिसते, कारण तसल्या मिटिंगांतच मी वाढलो. माझे वडील गिरणीत होते. लालबागला गावकीची खोली होती, तिच्यात वळकट्यांवर बसून गावच्या देवळाचा रंग ठरायचा आणि गैरहजर राहणाऱ्याला चार आणे दंड व्हायचा. गावात त्या रंगाची बातमी रंगाऱ्याबरोबरच पोचायची. तेव्हाही विरोध व्हायचाच, फक्त फोन नव्हते म्हणून उशिरा कळायचा.

आरती झाल्यावर रात्री साडेदहाला फाईल उघडायची, तासभर एकट्याने बोलायचं, आणि मग “कुणाला काही बोलायचंय?” म्हणून मनात तीन आकडे मोजायचे. याला विचारणं म्हणत नाहीत, सेक्रेटरीसाहेब. आणि आपल्याकडच्या ‘हो’चे प्रकार तुम्हाला ठाऊक नसतील असं मी मानत नाही. “बरं” म्हणजे ऐकलं. “तुम्ही म्हणाल तसं” म्हणजे मला पटलेलं नाही. “बघू” म्हणजे नाही.

येत्या गणपतीत असं करून बघा. आराखडा महिनाभर आधी देवळाच्या फळ्यावर लावा. बैठकीत आधी मंडळाने बोलायचंच नाही. गावात राहणाऱ्यांचे तीन घोळके करा, बायकांचा, कसणाऱ्यांचा, तरुणांचा, आणि त्यांना अर्धा तास एकच प्रश्न द्या : हे काम झालं तर कुणाची अडचण होईल? घोळक्यातर्फे एकाने उठून सांगायचं, म्हणजे बोल कुणा एकाच्या अंगावर येत नाही. साकवाचा पाया कुणाच्या दाढीत जातो, पाखाडीचं पाणी कुणाच्या पडवीत शिरणार, हे तेव्हाच बाहेर येईल. ज्याच्या हातात पैशाची पिशवी त्याने शेवटी बोलावं. ते तुम्ही. जड जाईल.

मी उपसरपंच आहे. आमच्या ग्रामसभेत प्रत्येक ठराव सर्वानुमते मंजूर होतो आणि नंतर कुणीच पाळत नाही. चराईबंदी झाली, प्लास्टिकबंदी झाली, विहिरीवर कपडे धुवायचे नाहीत हेही झालं. वहीत सगळं आहे. गावात काही नाही.
— एक वाचक, महाड तालुका

तुमच्या रोगाचं नाव तुम्हीच पत्रात लिहिलंय : सर्वानुमते. इतक्या वर्षांत मी जेवढी प्रोसिडिंग बुकं चाळली, त्यांत हा शब्द छापल्यासारखा येतो. सभेत खुर्च्या फेकल्या गेल्या तरी वहीत ‘सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते’. चर्चा कुठली, मत कुणाचं, काही नाही. ज्याला ठराव मान्य नव्हता त्याचं म्हणणं वहीत नसतं, म्हणून तो ते मनात ठेवतो. मनात ठेवलेलं मग रात्रीच्या अंधारात बोलतं. चराईबंदीच्या रानात सोडलेलं गुरू हे त्याचं प्रोसिडिंग.

ठराव वहीत आणि गाव जागच्या जागी, याचं सगळ्यांत मोठं उदाहरण तुमच्याच तालुक्याच्या गावी आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 मध्ये मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनेही 1924 मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. पुढची तीन वर्षं तळ्यावर काहीच बदललं नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची माणसं तळ्यावर जाऊन पाणी प्यायली, आणि ज्यांना ठराव मान्य नव्हता त्यांचं मत त्याच दिवशी गावात लाठ्याकाठ्यांनी प्रकट झालं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल 1937 मध्ये लागला. तुमच्या प्लास्टिकबंदीची या लढ्याशी तुलना मी करत नाही. ठराव लिहिला म्हणजे गावाने तो मानला, असं समजणाऱ्यांसाठी हे सांगतो.

दुसरं टोक गडचिरोलीत आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावात बहुमतावर निर्णय होत नाहीत. सगळ्यांना पटेपर्यंत विषय पुन्हा पुन्हा बैठकीत येतो. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथे ग्रामसभेच्या जोडीला अभ्यास गट चालवला. त्यात नुसतं बोलायचं, माहिती काढायची, निर्णय घ्यायचाच नाही. निर्णयाची घाई नसल्यामुळे माणसं मोकळी बोलतात. याच गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. “ते गाव छोटं आहे” असं तुम्ही म्हणाल. बरोबर. पण तुमची एकेक वाडी त्याहूनही छोटी आहे.

तूर्त एवढं करा. पुढचा ठराव बहुमताने झाला तर ‘बहुमताने’ लिहा आणि खाली विरोधाचं कारण एका ओळीत लिहा : अमुक वाडीतल्या सात घरांचा विरोध, कारण चाऱ्याची दुसरी सोय नाही. ती ओळ मोठ्याने वाचून दाखवा. ज्याचा विरोध नोंदला गेला तो ठराव मोडायला सहसा जात नाही, आणि चाऱ्याचा प्रश्न खरा असेल तर पुढच्या सभेचा विषय तुम्हाला आपोआप मिळतो. आणखी एक सावधगिरी. ग्रामसभेला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते, तहकूब सभेला ती लागत नाही. वादाचा विषय मुद्दाम तहकूब सभेत ढकलून दहा जणांत उरकणारे हुशार लोक प्रत्येक गावात असतात. तुमच्या गावात ते तुम्ही नसाल, असं धरून चालतो.

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा मी ॲडमिन. रोज भांडणं. काय करू?
— दादर

ग्रुप निरोपापुरता ठेवा : मयत, दाखले, लाईट, एसटी. पाणी, रस्ता, वर्गणी यांवर तिथे चर्चा नको. कुणी सुरू केलीच तर “सभेत बोलू” एवढंच टाका आणि तो विषय खरोखर सभेत आणा. रागावलेल्याला मेसेज करू नका, फोन करा.

गावकीने घरटी वर्गणी ठरवली. मी बैठकीत एवढंच म्हणालो, मागचा हिशेब दाखवा, मग देतो. त्या दिवसापासून आमच्याशी कुणी बोलत नाही. दुकानात सामान देत नाहीत. नातीच्या लग्नाला कुणी जायचं नाही असं ठरल्याचं कानावर आलंय. सभेत बोलणं हा गुन्हा आहे का?
— एक ज्येष्ठ वाचक, पोलादपूर

नाही, काका. गुन्हा त्यांनी केला आहे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे, जुलै 2017 पासून तो लागू आहे. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हा कायदा व्हावा म्हणून जी प्रकरणं पुढे आली त्यांत आपल्या रायगड जिल्ह्यातली बरीच होती. अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट नाही, पण कायदा आपल्या अंगणातून उगवला हे खरं.

कुणी काय म्हटलं, कोणत्या दिवशी, कुणासमोर, हे आज तारखेनिशी वहीत लिहून ठेवा. गावकीच्या प्रमुखांना दोन साक्षीदारांसह एक पत्र द्या आणि पोच घ्या. तेवढ्याने मिटलं तर उत्तम, नाहीतर पोलीस ठाणं. “दंड भरा, नारळ ठेवा, परत घेतो” असा निरोप आला तर दंड भरू नका. तो भरलात की तुमचा प्रश्न चूक होता असं तुम्हीच मान्य केल्यासारखं होतं.

काही जण तुम्हाला सांगतील की जरा गोड शब्दांत विचारायला हवं होतं. बैठकीत कसं बोलावं हे शिकवणं माझा धंदा आहे, तरी मी तसं म्हणणार नाही. तुमचा प्रश्न साधा होता. मात्र गावकी चालवणारे जे हे वाचत असतील त्यांना सांगतो : “हिशेब दाखवा” हे ऐकलं की खजिनदाराला “तू चोर” असं ऐकू येतं, आणि मग सगळी भावकी त्याच्या अब्रूसाठी उभी राहते. यावर उपाय फुकट आहे. नवी वर्गणी बोलायच्या आधी जुना हिशेब कागदावर लिहून सहाणेवर लावायचा. कुणी विचारायचं नाही, कुणी रागवायचं नाही.

आमची वाडी डोंगराच्या उतारावर. तळीयेची दरड झाली तेव्हापासून दर पावसात आम्हाला शाळेत नेऊन ठेवतात. आता कायमचं खाली यायचं का, गावाने ठरवून सांगा म्हणतात. दोन सभा उधळल्या. आम्हा तरुणांना जायचंय, म्हातारी माणसं म्हणतात इथेच मरू. माझे वडील आणि चुलते बोलत नाहीत. सभा घ्यायची तरी कशी?
— एक तरुण, घाटाखालची वाडी

तुमचं पत्र मी दोनदा बाजूला ठेवलं. 2005 च्या जुलैत दरडींनी दासगाव-जुईचं काय झालं ते आमच्या पिढीने पाहिलं, 22 जुलै 2021 ला तळीयेत 80 हून अधिक माणसं गेली ते तुम्ही पाहिलंत. एवढं डोळ्यांसमोर असताना शांतपणे चर्चा करा असं सांगणाऱ्याला लाज वाटायला हवी. तरी तुम्ही विचारलंय म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट : पावसात खाली उतरायचं की नाही, हा विषय सभेत ठेवूच नका. इशारा आला की सगळ्यांनी उतरायचं, म्हाताऱ्यांना उचलून. डोंगर हात वर केलेले मोजत नाही.

कायमचं जाण्याचा विषय वेगळा आणि तो सावकाशीने घ्यायचा आहे. तुमच्या दोन्ही सभा एका प्रश्नावर झाल्या असणार : जायचं की नाही? एवढ्याशा प्रश्नाच्या पोटात दहा प्रश्न आहेत. नव्या जागेवरून शेत किती लांब? गुरं कुठे बांधायची? एका घरात तीन चुली आहेत, मग घर एक मिळणार की तीन? मुंबईतल्या भावाचं नाव लागणार का? शेजारी कोण येणार? देव इथे राहणार की खाली येणार? जुनी घरं आणि कलमं कुणाच्या ताब्यात? “इथेच मरू” म्हणणारा म्हातारा बहुतेक वेळा मरणाबद्दल बोलतच नसतो. त्याने दगड रचून केलेला बांध, त्याच्या बापाने लावलेला फणस याबद्दल तो बोलत असतो, आणि सभेत बांधाविषयी कुणी विचारलेलंच नसतं.

म्हणून पहिली सभा निर्णयाविना घ्या. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा : आज ठराव नाही. वाडीतल्या प्रत्येक घराला पाळीपाळीने बोलू द्या, सुरुवात सगळ्यांत वयस्क बाईपासून. मध्ये बोलायचं नाही, उत्तर द्यायचं नाही. एकाने नुसतं लिहायचं.

दुसऱ्या सभेच्या आधी डोंगर चढा. भूवैज्ञानिकांच्या पाहणीचा अहवाल तहसीलदारांकडे मागा, आणि तपासणीला कुणी आलं तर गुराख्यांना त्यांच्याबरोबर वर पाठवा. जमिनीला भेग कुठे गेली, झाडं कुठे कलली, कुठल्या झऱ्याचं पाणी गढूळ झालं, कुठे नवा झरा फुटला, हे आधी गुराख्यांना कळतं. धोका आहे की नाही हे मतांनी ठरत नाही, बघून ठरतं. ते एकदा सगळ्यांनी मिळून पाहिलं की सभेत भांडायला निम्मेच मुद्दे उरतात.

मग जुनी माणसं आणि तरुण समोरासमोर बसवा, पण एका अटीवर. तुम्ही तुमची बाजू मांडायची नाही, चुलत्यांची मांडायची, त्यांनी मान हलवून “हो, हेच म्हणत होतो” म्हणेपर्यंत. नंतर त्यांनी तुमची. ही युक्ती माझी नव्हे, तुमच्या शेजारची आहे. ज्या शिवथरघळीत समर्थांनी दासबोध सांगितला असं मानतात, ती तुमच्यापासून काही कोसांवर. त्या ग्रंथात श्रोता जागोजागी आशंका घेतो, ती आधी पुरती मांडली जाते आणि मगच वक्ता उत्तराला हात घालतो. घळीत दर्शनाला जाणारे आपण सभेत मात्र समोरच्याचं वाक्य अर्ध्यात तोडतो.

तिसऱ्या सभेत ठरवा, आणि एकदम सगळं ठरवू नका. ज्यांचं ठरलंय त्यांची यादी, ज्यांचं ठरत नाही त्यांची यादी, आणि प्रत्येकाच्या नावापुढे काय अडलंय ते. तालुक्याला हाच कागद द्या. ‘ग्रामस्थांचा विरोध’ एवढ्या दोन शब्दांपेक्षा तो अधिकाऱ्यांच्याही उपयोगी पडेल. ज्याचं गोठ्यापायी अडलंय त्याला गोठा देता येतो.

वडील आणि चुलते यांना सभेत जोडायला जाऊ नका. तिथे दोघांनाही बघे असतात. एका संध्याकाळी वडिलांना घेऊन चुलत्यांच्या पडवीत जा, दरडीचा विषय काढू नका, चहा घेऊन या. दुसऱ्यांदा गेलात की ते स्वतःच काढतील. पाऊस जूनमध्ये येतो, तेव्हा पहिली फेरी याच आठवड्यात करा.

जाता जाता वाचकांकडे एक मागणं. 1 मेच्या ग्रामसभेत तुमच्यापैकी जो कुणी उभा राहून काही बोलेल, त्याने पंधरा दिवसांनी ग्रामपंचायतीत जाऊन प्रोसिडिंग बघायला मागावं. आपलं म्हणणं त्यात आहे का, असल्यास कोणत्या शब्दांत, आणि नसल्यास त्या जागी काय लिहिलंय, ते एका कार्डावर मला कळवा. पुढच्या अंकात ती कार्डं घेऊ. गावाचं नाव लिहायची गरज नाही.